एका सेटचा नियम

आमच्या यांना सगळं गाव भोंगा म्हणतं. तोंडावर नाही, पाठीमागे. पण नवऱ्याला पाठीमागे काय म्हणतात ते बायकोच्या कानावर सगळ्यात आधी येतं, तेव्हा मी भोंग्याची बायको, हे मी केव्हाच मान्य करून टाकलंय. भाजी घ्यायला गेले की भाजीवाला विचारतो, काय वहिनी, या शनिवारी आहे ना? काय आहे ते सांगायची गरज नसते. आमच्या घरामागे एक भिंत आहे, भिंतीपलीकडे गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक आहे, आणि त्या ट्रॅकच्या मनोऱ्यावर काचेच्या खोलीत माइकपुढे आमचे हे बसतात. बसायचे, म्हणायला पाहिजे. अजून माझ्या जिभेला वळण लागलेलं नाही.

हे मूळचे बसस्टँडवरचे. चौकशीच्या खिडकीत बसून कुठली बस कुठल्या फलाटाला लागली ते सांगायचं, एवढं यांचं काम. ट्रॅक नवीन झाला तेव्हा त्याच्या मालकाची एकदा बस चुकली, आणि ती यांच्या आवाजामुळे चुकली असं तो सगळ्यांना सांगायचा, कारण म्हणे तो ऐकतच उभा राहिला. खरं-खोटं देव जाणे. पण सुटणाऱ्या गाड्या सांगता सांगता हे पळणाऱ्या गाड्या सांगायला लागले, आणि आमच्या घरातले शनिवार-रविवार जे गेले ते गेलेच.

मी शर्यत बघितलीय म्हणाल तर नाहीच जवळजवळ. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते ती प्रेक्षकांच्या स्टँडची पाठ, गंजलेले खांब आणि वरचे पत्रे. गाडी एक दिसत नाही. भोंगे मात्र आमच्याच बाजूला तोंड करून बसवलेत, ज्याने बसवले त्याचं भलं होवो. मी शिवणकाम करते. ड्रायव्हर लोकांचे ते अंगभर सूट असतात ना, त्यांच्या चेन बदलायच्या, गुडघ्याला ठिगळं लावायची, छातीवर नावांच्या पट्ट्या शिवायच्या, असली कामं ट्रॅकवरून माझ्याकडे येतात. तर मशीनवर पाय आणि कानात नवरा, असा माझा इतक्या वर्षांचा संसार.

त्या आवाजाबद्दल मात्र मला वाईट बोलवत नाही, हेही सांगून टाकते. मनोऱ्यावरून शेवटचं वळण लोकांच्या आधी यांना दिसायचं. गाडी त्या वळणात शिरली की हे म्हणायचे, "आला..." अगदी खालच्या पट्टीत, शेजारच्याला सांगावं तसं. मग जरा थांबून पुन्हा, "आला..." आणि गाडी समोरच्या सरळ रस्त्याला लागली की, "आलाच!" पहिल्याला लोक बाकावरून उठायचे, दुसऱ्याला टाचा उचलायचे आणि तिसऱ्याला काय व्हायचं ते आमच्या खिडकीच्या काचांना विचारा. गाडीला किती वेळ लागला तो आकडा नंतर यायचा. तो चांगला आहे की वाईट, हे मला त्या तिसऱ्या शब्दावरूनच कळायचं.

आणि घरी? घरी चकार शब्द नाही. भोंग्याची तार आमच्या उंबऱ्यात कापलेली. घसा जपायचा असतो ना! भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर, खिशात खोकल्याच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. चहा हवा असला तर कप पुढे सरकवायचे, नको असला तर तळहात दाखवायचे. भांडण निघालं की उठून अंगणात जायचे. आता अशा माणसाशी भांडून कुणाचं समाधान होणार? मी आपली दोन्ही बाजूंनी एकटीच भांडून घ्यायची आणि दमले की जेवायला वाढायची.

आमची मुलगी त्या खिडकीतच वाढली. बाकीच्या पोरांना बाप गोष्टी सांगायचे, हिला बापाचा आवाज ऐकायचा तर शनिवारची वाट बघायला लागायची. खिडकीच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसायची आणि भिंतीपलीकडून कुठल्या कुठल्या ड्रायव्हरांची नावं हे कशी गर्जत घेतात ते ऐकायची. शाळेत पहिली आली तेव्हा धावत यांच्याकडे गेली. यांना खूप आनंद झाला, झाला नाही असं मी म्हणणार नाही. डोक्यावरून हात फिरवला, खिशात चाचपलं आणि एक गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. खोकल्याची. तिने ती खाल्ली पण.

आता हा सगळा घसा कुठे खर्च होत होता ते सांगायचं तर थोडं शर्यतीचं सांगायला हवं. शर्यत असते रविवारी. पण शर्यतीत पुढे कोण उभं राहणार आणि मागे कोण, ते ठरतं शनिवारी. त्याला क्वालिफाइंग म्हणतात. ज्याची एक फेरी सगळ्यात कमी वेळात होईल तो पहिला, इतकं सोपं. हे मानायचे की खरी रंगत तीच. रविवारी नशीब असतं, धक्काबुक्की असते, पण शनिवारी कोण किती पाण्यात आहे ते उघडं पडतं. तर ही शनिवारची फेरी कशी घ्यायची याचे नियम ट्रॅकवाले दर थोड्या वर्षांनी बदलत आले, आणि त्या प्रत्येक नियमाने माझ्या नवऱ्याच्या घशाचं काय केलं ते मी तुम्हाला झोपेतसुद्धा सांगेन.

पहिल्यांदा मोकळं रान होतं. तासभर ट्रॅक उघडा, ज्याला जितक्या फेऱ्या मारायच्या त्याने माराव्यात, टायर हवे तितके बदलावेत. टायर नवा असला आणि तापला की एखादी फेरी रस्त्याला असा धरतो की गाडी हलत नाही. ती फेरी गेली की झिजला, मग घसरायला लागतो. म्हणून तास संपत आला की सगळे नवे टायर चढवून पुन्हा बाहेर पडायचे, आणि आत्ता पहिला असलेला क्षणात कितव्या नंबरावर जाईल याचा भरवसा नसायचा. हे तासभर अखंड बोलायचे. सोमवारी बसस्टँडवर यांच्या जागी दुसरा माणूस बसवायला लागायचा.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की प्रत्येकाला एकट्यालाच सोडायचं, एकच फेरी. चुकला तर चुकला, पुन्हा संधी नाही. हा यांचा आवडता काळ. अख्खा ट्रॅक रिकामा, एकच गाडी, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. हे इतक्या हळू बोलायचे की मला मशीन थांबवून ऐकावं लागायचं. कामाचा खोळंबा व्हायचा, पण मी थांबवायची. लोकांना मात्र मधल्या संथ ड्रायव्हरांचा कंटाळा यायचा. त्यांच्या वेळेला ते चहा प्यायला खाली जायचे आणि परत वर यायचेच नाहीत. तो नियम गेला.

मग आली बाद फेरी. शनिवारचे तीन भाग करायचे आणि प्रत्येक भागाच्या शेवटी मागचे गाळायचे. लोक खूश. एका तिकिटात तीन वेळा जीव टांगणीला. पण लोकांचा जीव तीन वेळा टांगणीला म्हणजे यांच्या नरड्यावर तीन वेळा घाव, आणि तेही एका गाडीसाठी नाही, पाठोपाठ येणाऱ्या सगळ्यांसाठी. "आला आला आलाच" असं एका दमात म्हणायला लागायचं, श्वास घ्यायलाही फट नाही. यांचा घसा बसला तो त्या वर्षांत. आधी सोमवारपुरता बसायचा, मग बुधवारपर्यंत, मग पुढच्या शनिवारीच कसाबसा उघडायचा. बसस्टँडवाल्यांनी एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आणून बसवला आणि यांना मुदतीआधीच नारळ दिला. मी तेव्हापासून सांगत होते की आता पुरे. पण बोलून बोलून माझंच तोंड दुखलं, शेवटी हात टेकले.

आणि मग टायरचा नियम आला. खर्च फार वाढले होते, लहान संघ गाशा गुंडाळायला लागले होते. म्हणून असं ठरलं की शनिवार-रविवार मिळून गाडीला टायरचा एकच सेट, चार चाकांचे चार टायर. ज्यावर शनिवारची फेरी मारायची त्यावरच रविवारची शर्यत पळायची. झालं! आता शनिवारी टायर झिजवायला कोण तयार होणार? सगळे गॅरेजची दारं ओढून बसायला लागले. अगदी शेवटी बाहेर यायचं, अंग चोरून एक फेरी मारायची आणि परत आत. काही जण तर यायचेच नाहीत. मागून सुरुवात करू, पण कोऱ्या टायरवर करू, असा त्यांचा विचार.

रिकाम्या ट्रॅकवर माणूस बोलणार काय? हे हवेबद्दल बोलायचे. ढगांबद्दल बोलायचे. कुठल्या गॅरेजचं दार किती उघडं आहे ते सांगायचे. एकदा ट्रॅकवर कुत्रं शिरलं, तर यांनी त्या कुत्र्याची अख्खी फेरी सांगितली, शेवटच्या वळणाच्या "आला"सकट, आणि त्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या कुत्र्याला पडल्या. पण कुत्रं काय रोज येणार? लोक म्हणायला लागले, तिकीट काढून बंद दारं कोण बघणार. स्टँड ओस पडायला लागलं. हे संध्याकाळी घरी यायचे ते काही न करता दमलेले असायचे, पायातले बूट काढायलाही यांना वेळ लागायचा.

मला दिसत होतं ते. पण खोटं कशाला बोलू, मी मनातून सुखावले होते. टायर वाचत होते आणि टायरांबरोबर घसाही वाचत होता. शर्यतीची रंगत गेली तर जाऊ दे, मला काय तिची आरती करायचीय? किती तरी वर्षांनी आमच्या शनिवारच्या दुपारी शांत जायला लागल्या. नियम काढणारा कोण होता त्याला मी एक सूट फुकट शिवून दिला असता.

पण घसा वाचायची वेळ केव्हाच टळून गेली होती. मोसम संपत आला तेव्हा यांना पाणी गिळतानाही दुखायला लागलं, म्हणून ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं की स्वरतंतूवर गाठ आहे. वाईट नसावी, पण काढायला लागेल. शेवटची शर्यत झाली की दुसऱ्या दिवशी या, तोपर्यंत हळू बोलायला हरकत नाही, पण ओरडलात तर आतून रक्त येईल आणि होतं तेही जाईल. मी विचारलं, काढल्यावर आवाज परत येईल ना?

"आवाज येईल," त्या म्हणाल्या. "पण हाच येईल असं नाही."

हे मफलर गुंडाळत होते, ते गुंडाळतच राहिले. मला बाहेर येऊन रडू फुटलं आणि मी ते औषधाच्या दुकानदारावर काढलं, सुट्टे नाहीत म्हणाला म्हणून. बिचारा बघतच राहिला.

मुलगी नोकरीला दूर असते. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. फोन वाजला की हे तळहात गळ्यावर ठेवायचे आणि माझ्याकडे बोट दाखवायचे, म्हणजे तू बोल. सुरुवातीला ती म्हणायची, बाबांना दे ना जरा. मग म्हणायची सोडली. त्या रविवारी माझ्या हातात शिवण होतं, म्हणून मी फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला होता. तिला गाठीचं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. ती हसायचं म्हणून हसली.

"आई, मीच एकदा गाडी घेऊन येते ट्रॅकवर. म्हणजे बाबा माझं नाव तरी घेतील."

मीही हसले. काय करणार? मग वर बघितलं तर हे समोरच बसलेले. गोळीचा कागद सोलत होते, तो अर्धा सोललेला हातात तसाच होता. फोन बंद झाल्यावर उठून अंगणात गेले, भांडण झाल्यावर जायचे तसे. पण त्या दिवशी भांडण झालंच नव्हतं.

शेवटच्या शर्यतीच्या आठवड्यात ट्रॅकचा सेक्रेटरी घरी आला. वयाने लहान आहे, पण बोलतो मोठ्या माणसासारखं. म्हणाला, लोक येत नाहीत, जाहिरातवाले पाठ फिरवायला लागलेत, म्हणून या एका वेळेपुरता नियम बदललाय. शनिवारच्या शेवटच्या भागासाठी प्रत्येकाला टायरचा एक जादा सेट फुकट. मऊ रबराचा, एका फेरीतच संपणारा. आणि फेरी झाली की तो परत करायचा, रविवारी वापरायचाच नाही. म्हणजे राखून ठेवण्यात अर्थच उरला नाही. सगळ्या गाड्या एकदम बाहेर पडणार आणि शेवटच्या गाडीपर्यंत काही ठरणार नाही.

"पूर्वीची रंगत परत येईल," तो यांना म्हणाला. "पण मग ती सांगायला पूर्वीचा आवाज पाहिजे."

मी मध्ये पडले. गाठ सांगितली, रक्त सांगितलं, डॉक्टरीणबाईंचं नाव-गाव सांगितलं. तो म्हणाला, तसं असेल तर आग्रह नाही, दुकानांच्या उद्घाटनांना बोलणाऱ्या एका माणसाला त्याने विचारून ठेवलंय. ते ऐकलं आणि यांनी हात वर केला. मी येतो, अशी खूण. मी सेक्रेटरीला चहा विचारला नाही, तोही थांबला नाही. तो गेल्यावर मी यांना जे बोलायचं ते सगळं बोलले. जन्मभर तिथे उधळलंत, आता उरलंसुरलंही तिथेच उधळून या, आणि आमच्यासाठी घरी काय आणाल, मफलर? हे ऐकून घेत होते. उठून अंगणात गेले नाहीत, याचं मला नवल वाटलं.

शनिवारी दुपारी मी मशीनवर बसले, पण कान तिकडेच. सुरुवातीला हे अगदी हळू, बातम्या वाचल्यासारखं सांगत होते. कुणाला किती वेळ लागला, कोण गळलं. मला वाटलं, चला, निभतंय. भिंतीपलीकडून लोकांचा गलका येत होता, कितीतरी दिवसांनी एवढा. मग शेवटचा भाग आला. सगळी इंजिनं एकदम सुरू झाल्याचं माझ्या घरातल्या भांड्यांना कळलं.

"आता सगळे एकदम येतील," हे भोंग्यावरून म्हणाले. "तुम्हाला दिसेलच."

आणि खट् करून आवाज बंद.

मी वाट बघितली. गाड्या फिरून येतायत ते ऐकू येत होतं. आता म्हणतील, आता म्हणतील. पहिली गाडी वळणात शिरली असणार, तरी नाही. दुसरी आली, तरी नाही. गेला! ओरडायला गेले असणार आणि आवाज गेला. सुई कापडात तशीच ठेवली, हाताला लागल्या त्या यांच्याच चपला पायात अडकवल्या आणि धावले. मागच्या फाटकावरचा वॉचमन काहीतरी विचारत होता, त्याला बाजूला केलं. मनोऱ्याचा लोखंडी जिना चढताना दोनदा चपला निसटल्या.

दार ढकललं तर आत सगळं शांत. वेळ नोंदणाऱ्या बाई पडद्याला डोळे लावून बसलेल्या. त्यांच्या शेजारी हे. ताठ, पाठ सरळ, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरलेले. माइकवरचा लाल दिवा बंद. आणि काचेखाली मी जन्मात बघितलं नव्हतं ते. समोरच्या फलकावर नावं वर-खाली नुसती पळत होती. एक गाडी रेघ ओलांडायची आणि पहिलं नाव खाली यायचं, तिच्या मागची ओलांडायची आणि तेही खाली. लोक उभे होते, कुणी उठवलं नव्हतं तरी उभे होते. वळणात गाडी दिसली की तेच ओरडत होते, "आला!" यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण ओठ प्रत्येक गाडीला तीनदा हलत होते.

मी खांद्याला हात लावला आणि विचारलं, "गेला?"

यांनी मान हलवली. नाही. मग माझ्याकडे वळून, बारीक पण स्वच्छ आवाजात म्हणाले, "आहे. रविवारसाठी ठेवलाय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. क्षणभर मला किती बरं वाटलं होतं, आणि हे म्हणे रविवारसाठी! त्या टायरवाल्यांचाच रोग यांना लागला. शनिवारी गॅरेजचं दार ओढून बसायचं आणि रविवारी शर्यतीत सगळं झिजवून टाकायचं. मी म्हणाले, झिजवा, झिजवा, एकदाचे मोकळे व्हा. वेळ नोंदणाऱ्या बाईंनी मान वर न करता सांगितलं की असला शनिवार किती वर्षांत झाला नाही. तेव्हा मी यांच्याकडे नीट बघितलं. ज्या शनिवारची इतकी वर्षं वाट बघितली तो समोर चालला होता आणि हे तोंड मिटून बसले होते. मला राग आला होता तशी यांची दयाही आली, दोन्ही एकदम.

फेरी संपली तसा सेक्रेटरी जिना चढून वर आला. चेहरा लाल. लोकांनी पैसे कशाला दिलेत, ऐन वेळी माइक बंद करून बसायचं होतं तर आलात कशाला, असं बरंच बोलला. शेवटी म्हणाला, उद्या येऊ नका, मी दुसऱ्याला बोलावतो. यांनी खुर्चीवरची आपली उशी उचलली, थर्मास उचलला, वेळ नोंदणाऱ्या बाईंना नमस्कार केला आणि माझ्या मागून जिना उतरले. मी पुढे, यांच्या चपला फटफटवत.

घरी आल्यावर मला गप्प बसवेना. राखून ठेवलात ना, आता शर्यतच नाही तुम्हाला, आता त्या राखलेल्याचं काय लोणचं घालणार? हे थर्मास धुवून उपडा ठेवत होते. जरासे हसले. मला ते हसू आवडलं नाही, पण त्यापुढे बोलायचीही ताकद नव्हती.

रविवारी तो उद्घाटनवाला आला. प्रत्येक वळणावर त्याचं आपलं एकच, जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या. ज्यांच्या छातीवरच्या पट्ट्या मी माझ्या हाताने शिवल्या त्यांची नावं तो भलतीच घेत होता. प्रत्येक चुकीला हे डोळे मिटायचे. मी उठून खिडकी लावली, यांनी उठून ती उघडली, आणि शर्यत संपेपर्यंत त्याच कट्ट्यावर बसून राहिले, जिथे पूर्वी मुलगी बसायची. मला इतकं वाईट वाटलं की आदल्या दिवशीचे सगळे शब्द परत घ्यावेसे वाटले. मोसम संपला. भोंगे खट् करून बंद झाले, गाड्या ट्रकांवर चढवून न्यायला लागले. दुसऱ्या दिवशी इस्पितळात जायचं होतं. मी बॅगेत टॉवेल, चादर, यांचा दाढीचा डबा भरत बसले.

दिवेलागणीला फोन वाजला. मी नेहमीप्रमाणे उठले, हात पुढे केला, तर फोनवर यांचा हात आधीच होता. मला वाटलं, उचलून मला देतायत. दिला नाही. पेल्यातलं कोमट पाणी प्याले, मफलर सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि फोन उचलून कानाला लावला. तिकडून तिचा आवाज मलाही ऐकू आला, बॅग भरलीस का गं आई?

हे ताठ बसले. मनोऱ्यावर कसे बसतात ते मी कालच बघितलं होतं, तसे. आणि यांनी तिचं नाव घेतलं. नुसतं नाव नाही, पूर्ण, आडनावासकट, शनिवारी पहिल्या आलेल्याचं घेतात तसं, पण त्या पहिल्या "आला"च्या खालच्या पट्टीत. आवाजाला कुठे चरा नव्हता.

मला वाटलं, फोन कट झाला. मग अगदी लहान आवाजात, "बाबा?"

"आलो," हे म्हणाले.

मग ते दोघं बोलत बसले. यांना ती पहिली आली होती ते आठवत होतं, ती खोकल्याची गोळी आठवत होती, ती कट्ट्यावर बसते हे यांना तिकडे मनोऱ्यात बसून ठाऊक असायचं, आमच्या खिडकीचा कोपरा तिथून दिसतो म्हणे. मला इतक्या वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने आवाज घासायला लागला, मध्येच शब्द तुटायला लागले. पुरे आता, अशी मी खूण केली. यांनी मला तळहात दाखवला. मशीनवर एक सूट अर्धवट राहिला होता, सकाळी निघायच्या आधी तो द्यायचा होता, म्हणून मी जाऊन बसले. सुई होती तिथेच कापडात होती. पण पायडलवर पाय ठेवला नाही मी. मशीन चाललं असतं तर यांचा एखादा शब्द त्यात बुडाला असता.